मुली, विज्ञान आणि रोल मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विज्ञान शिकवते. गेली बरीच वर्षं संशोधक आणि इंजिनिअर स्त्रियांना वर्गात बोलावून मुलींशी त्यांची गाठ घालून देते. त्यावरून शिक्षक, पालक आणि खुद्द मुली मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. ज्या प्रश्नाला जेवढं सांगावंसं वाटलं, तेवढं सांगितलं आहे.

रोल मॉडेलमुळे खरंच फरक पडतो, की हे नुसतं बोलायला बरं?

फरक पडतो, आणि तो मोजला गेला आहे. २०१५-१६ साली पॅरिस आणि आसपासच्या शाळांमध्ये एक प्रयोग झाला. काही वर्ग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले गेले. त्या वर्गांत विज्ञान क्षेत्रात काम करणारी एक स्त्री जाऊन तासभर बोलली. बाकीच्या वर्गांत कुणी गेलं नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षाला विज्ञान शाखेत असलेल्या मुलींपैकी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अवघड प्रवेशाच्या अभ्यासक्रमांना जाणाऱ्यांचं प्रमाण ११ टक्क्यांवरून सुमारे १४.५ टक्क्यांवर गेलं. फक्त एका तासाच्या भेटीनंतर!

त्याच प्रयोगातल्या दोन वर्षं लहान मुलींच्या निवडीवर मात्र परिणाम दिसला नाही. आणि ज्या मुलींचं गणित आधीच चांगलं होतं, त्यांच्यावर तो सगळ्यात जास्त झाला. मी याचा अर्थ असा लावते की भेटीने त्यांना काही नवं शिकवलं नाही. जे येत होतं ते घेऊन पुढे जायला हरकत नाही, एवढं त्यांना पटलं. निर्णय तोंडावर आलेला असताना कुणीतरी समोर उभं असणं, याला फार मोल आहे.

मुलींना मुळात आवडच नसते, असं का म्हणू नये?

कारण ती आवड कमी होताना दिसते. जी मुळातच नाही, ती कमी कशी होईल?

१९८३ साली डेव्हिड चेंबर्स यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालवाडी ते पाचवीच्या ४,८०७ मुलांना त्यांनी शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं होतं. त्यातल्या फक्त २८ चित्रांत शास्त्रज्ञ बाई होती, आणि ती सगळी चित्रं मुलींनी काढलेली होती. एकाही मुलग्याला बाई सुचली नाही. पुढच्या काही दशकांत अमेरिकेत असेच अभ्यास होत गेले आणि चित्रांतल्या स्त्रियांचं प्रमाण बरंच वाढलं. प्रत्यक्षात काम करणाऱ्या स्त्रिया वाढल्या तशा कागदावरच्याही वाढल्या. पण त्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसते. अगदी लहान मुली बहुतेक वेळा बाईच काढतात आणि वय वाढत जातं तसतशी बाई जाऊन पुरुष येतो.

२०१७ सालचा एक प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतो. पाच वर्षांच्या मुलींना ‘खूप खूप हुशार माणूस कोण?’ असं विचारलं, तर मुलगे जितक्या सहज पुरुष दाखवतात तितक्याच सहज त्या बाई दाखवतात. सहा-सात वर्षांच्या झाल्या की कचरतात. ‘हा खेळ खूप हुशार मुलांसाठी आहे’ असं सांगितलं की त्यांना तो खेळावासाही कमी वाटतो. सहा वर्षांची मुलगी! अजून तिला भागाकारही शिकवलेला नसतो.

मेरी क्यूरीचं उदाहरण देतोच की आम्ही. तेवढं पुरेसं नाही का?

मेरी क्यूरीबद्दल मला अपार आदर आहे. १९०३ साली भौतिकशास्त्राचं आणि १९११ साली रसायनशास्त्राचं नोबेल, दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत. पण वर्गात हे वाक्य उच्चारलं की काय होतं, ते मी पाहिलं आहे. मुली मान डोलावतात, वहीत लिहून घेतात आणि विषय तिथेच मिटतो. इतक्या उंचावरच्या माणसाला विचारायचं तरी काय?

तीच मेरी क्यूरी जरा जवळ आणून बघा. गळक्या छपराची शेड. उकळत्या कढईसमोर उभी राहून लोखंडी सळईने ढवळणारी बाई. टनावारी खनिज गाळून १९०२ साली हाती काय लागलं, तर ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याइतकं रेडियम क्लोराइड. १९११ च्या जानेवारीत फ्रान्सच्या विज्ञान अकादमीच्या निवडणुकीत ती अगदी थोड्या मतांनी हरली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी दुसरं नोबेल मिळालं. असं सांगितलं की हात वर होतात. ‘तिचे हात भाजायचे का?’ ‘हरल्यावर ती काय म्हणाली?’

न्यूयॉर्कमधल्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आइनस्टाइन, क्यूरी आणि फॅरेडे यांच्या गोष्टी दोन प्रकारे सांगून पाहिल्या होत्या. ज्यांनी धडपडीच्या गोष्टी वाचल्या त्यांचे विज्ञानातले गुण सुधारले, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा जास्त उपयोग झाला. ज्यांनी नुसत्या यशाच्या गोष्टी वाचल्या, त्यांना असा फायदा झाला नाही.

मग कोणाच्या गोष्टी सांगाव्यात?

ज्यांचं काम तुम्हाला स्वतःला समजलं आहे, त्यांच्या. नाव, साल आणि पुरस्कार एवढंच माहीत असेल तर ती गोष्ट अजून सांगण्याजोगी झालेली नाही.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट स्टेफनी क्वोलेक यांची आहे. १९६५ साल. ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या नव्या धाग्याच्या शोधात होत्या. एके दिवशी भांड्यात तयार झालेलं द्रावण काहीतरी भलतंच दिसलं. नेहमीचं द्रावण काकवीसारखं घट्ट आणि पारदर्शक असे. हे पाण्यासारखं पातळ आणि गढूळ होतं. कुणीही ते ओतून टाकलं असतं. क्वोलेक यांनी ते गाळून पाहिलं, तरी गढूळच. मग धागा काढायच्या यंत्रावरच्या सहकाऱ्याकडे गेल्या, तर तो नाही म्हणाला. यात कचरा असणार, यंत्राची बारीक भोकं बुजतील, असं त्याचं म्हणणं. त्या त्याच्या मागे लागल्या. शेवटी धागा निघाला, आणि तो तुटेना. तोच पुढे केवलार झाला. वजनाला वजन लावलं तर पोलादाहून पाचपट मजबूत, गोळी अडवणाऱ्या जाकिटात वापरला जाणारा.

ही गोष्ट सांगताना मी दोन भांडी ठेवते, एकात साखरेचा पाक आणि दुसऱ्यात पीठ कालवलेलं पाणी. मुलींना विचारते, यातलं कोणतं फेकाल? सगळ्या दुसऱ्याकडे बोट दाखवतात. मग पुढचं सांगते.

वेरा रुबिन यांचंही सांगते. १९६५ साली त्या पालोमार वेधशाळेत निरीक्षणासाठी गेल्या. तिथे स्त्रियांना अधिकृत परवानगी मिळण्याची ती पहिलीच वेळ. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. त्यांनी कागदाचा छोटा स्कर्ट कापला, दारावरच्या पुरुषाच्या आकृतीला चिकटवला आणि कामाला लागल्या. त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम काय होतं, हे मात्र सांगायला विसरू नका. केंट फोर्ड यांच्यासोबत त्यांनी देवयानी दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग मोजले. कडेचे तारे मधल्यांपेक्षा सावकाश फिरायला हवे होते, पण ते जवळपास तेवढ्याच वेगाने फिरत होते. न दिसणारं काहीतरी त्यांना धरून ठेवत असलं पाहिजे. कृष्णपदार्थाच्या कल्पनेला यातून मोठं बळ मिळालं. स्कर्टची गोष्ट मुलींना हसवते आणि ताऱ्यांची गोष्ट त्यांना रात्री झोपू देत नाही.

कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या अडून बसल्या, वर्षभर काम पाहून मगच प्रवेश पक्का होईल ही अट पत्करून आत गेल्या आणि १९३९ साली केंब्रिजची पीएचडी मिळवली. ए. ललिता १९४३ साली विद्युत अभियंता झाल्या. लहान मुलगी पदरी असलेल्या, अगदी तरुणपणी विधवा झालेल्या बाई. १९६४ साली न्यूयॉर्कला स्त्री अभियंत्या आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा त्या तिथे हजर होत्या.

स्त्री शास्त्रज्ञांवर झालेले अन्याय मुलींना सांगावेत का?

सांगावेत, पण सुरुवात तिथून करू नये.

लिझे माइटनर यांनी अणुकेंद्र दुभंगतं म्हणजे काय होतं याचा उलगडा केला, आणि १९४४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या ओटो हान यांना मिळालं. चिएन-शिउंग वू यांच्या प्रयोगाने ज्या कल्पनेवर शिक्कामोर्तब केलं, तिच्यासाठी १९५७ चं नोबेल ती कल्पना मांडणाऱ्या दोघा पुरुषांना मिळालं. जोसलिन बेल बर्नेल यांनी १९६७ साली विद्यार्थिनी असताना पल्सारचा, म्हणजे ठराविक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणाऱ्या ताऱ्याचा, पहिला संकेत कागदी पट्टीवर टिपला. १९७४ चं नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना आणि दुसऱ्या एका संशोधकाला मिळालं. हे लपवणं म्हणजे खोटं शिकवणं.

पण पॅरिसच्या त्या प्रयोगात एक फार उपयोगी गोष्ट पुढे आली. ज्या पाहुण्यांनी कामातली गंमत आणि करिअरच्या वाटा यांवर भर दिला, त्यांचा परिणाम चांगला झाला. ज्यांनी ‘या क्षेत्रात बायका किती कमी आहेत’ यावरच भर दिला, त्यांचा तितका झाला नाही. ऐकणाऱ्या मुलीच्या जागी बसून बघा. नदीत उतरायच्या आधीच कोण कोण बुडालं याची यादी ऐकली, तर काठावरच थांबावंसं वाटणार.

म्हणून मी आधी पल्सार सांगते. दर १.३ सेकंदांनी येणारा ठोका टाळी वाजवून दाखवते. मुलींना तो ठोका आपलासा वाटू लागला की मग नोबेलचं सांगते. तेव्हा त्या चिडतात, आणि त्या चिडण्यात जोर असतो. २०१८ साली बेल बर्नेल यांना ३० लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. ती सगळी रक्कम त्यांनी भौतिकशास्त्रात कमी संख्येने असलेल्या गटांतल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली. तिथे मी थांबते.

वर्गात नेमकं कोणाला बोलवावं? मोठं नाव मिळत नाही.

मोठं नाव नकोच. मुलींपेक्षा पाच-दहा वर्षांनीच मोठी असलेली ताई शोधा. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ, पाणीपुरवठ्याचं किंवा पुलाचं काम बघणारी इंजिनिअर, सॉफ्टवेअर तपासणारी मुलगी. हाक मारली तर ओ देईल इतक्या अंतरावरची माणसं हवीत.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या १५० मुलींवर अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. काहींना वरच्या वर्गातली मुलगी मार्गदर्शक म्हणून दिली, काहींना मुलगा, आणि काहींना कुणीच नाही. वर्षअखेर मुलगी मार्गदर्शक असलेल्या सगळ्याच्या सगळ्या अभियांत्रिकीत टिकल्या होत्या. बाकी दोन्ही गटांतून काही जणी बाहेर पडल्या होत्या. टिकण्याचा संबंध गुणांशी नव्हता. ‘मी इथली आहे, मला हे जमेल’ या भावनेशी होता. आणि ही भावना देणारी होती कोण, तर दोन वर्षं पुढे असलेली एक मुलगी, जिला स्वतःलाही गणिताचा एखादा पेपर जड गेला असेल.

तासाभराच्या भेटीत काय करावं?

हातात घेता येईल अशी एक वस्तू घेऊन यायला सांगा. स्लाइड नकोत.

एकदा पंपांच्या देखभालीचं काम करणारी एक इंजिनिअर आली होती. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं, कापून दोन भाग केलेलं एक बेरिंग काढलं आणि पहिल्या बाकावर ठेवलं. म्हणाली, “हे मेलंय. कशाने मेलं ते ओळखा.” एवढंच. मग गप्प बसली.

बेरिंग हातोहात फिरू लागलं. ग्रीसचा काळा डाग बोटांना लागत होता, कुणी ते युनिफॉर्मला पुसत होतं. ‘गंजलं.’ ‘तेल संपलं.’ ‘भार जास्त झाला.’ ती प्रत्येकीला विचारायची, “कशावरून?” तिसऱ्या रांगेतल्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने आतल्या कड्यावरून नख फिरवलं आणि हळूच म्हणाली, “इथे रेघा आहेत. सगळ्या सारख्या अंतरावर.” इंजिनिअर उठून तिच्या बाकाजवळ जाऊन बसली. मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हमुळे शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, व्होल्टेज चढतं, ते बेरिंगच्या गोळ्यांमधून वाट काढतं, दर वेळी बारीकशी ठिणगी पडून धातूवर टिपका उमटतो, आणि होता होता अशा पन्हाळी तयार होतात, हे तिने त्या एकटीला सांगितल्यासारखं सांगितलं. सगळा वर्ग मान उंचावून ऐकत होता. मग म्हणाली, “मला हे कळायला आठ दिवस लागले होते. मी आधी तीन वेळा ग्रीस बदललं.”

त्या तासात ‘मुलींनी पुढे यावं’ असं एकही वाक्य कुणी बोललं नाही.

पाहुण्या ताईंना काय टाळायला सांगावं?

‘मी करू शकते तर तुम्हीही करू शकता’ हे वाक्य. हेतू चांगला असतो, पण ऐकणारीला वाटतं, तुम्ही वेगळ्या आहात. त्यापेक्षा ‘मला हे जमत नव्हतं, मग मी असं केलं’ हे सांगावं. विज्ञान गोड आणि नटवं करून मांडण्याचाही मोह आवरावा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शालेय मुलींना नटलेल्या आणि विज्ञानातही यशस्वी अशा स्त्रिया दाखवल्या, तेव्हा विज्ञानाची फारशी ओढ नसलेल्या मुलींचा उत्साह उलट कमी झाला. दोन्ही एकदम साधणं आपल्या आवाक्यातलं नाही, असं त्यांना वाटलं. ताईंनी रोज कामाला जातात तसंच यावं. सेफ्टी शूज असतील तर सेफ्टी शूज.

पुरुष रोल मॉडेल होऊ शकतात का?

मुलींना स्वतःसारखी कुणीतरी दिसावी लागते. ती जागा पुरुषाला घेता येत नाही. पण दार उघडून धरणं हे मोठं काम आहे आणि ते पुरुष करू शकतात. १९०३ साली नोबेलसाठी फक्त मेरीचे पती पिएर क्यूरी आणि भौतिकशास्त्रज्ञ बेकेरेल यांचाच विचार चालला होता. स्वीडिश गणितज्ञ मिटाग-लेफ्लर यांनी ते पिएरना कळवलं. पिएरनी लगेच उत्तर लिहिलं की माझा विचार करणार असाल तर मेरीसह करा. त्या दोघांनी ती पत्रं लिहिली नसती तर काय झालं असतं?

माझी मुलगी गणितात मध्यम आहे. तिला उगाच स्वप्नं दाखवू का?

मरियम मिर्झाखानी यांनाही शाळेत एक वर्ष गणित नीट जमलं नव्हतं. शिक्षकांना त्यांच्यात विशेष काही दिसलं नाही, आणि त्यांचाही रस गेला. पुढच्या वर्षी धीर देणारे शिक्षक मिळाले. २०१४ साली गणितातलं फील्ड्स पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. स्वतःला त्या सावकाश विचार करणारी म्हणायच्या. जमिनीवर मोठमोठे कागद पसरून तीच आकृती पुन्हापुन्हा काढायच्या. त्यांच्या लहान मुलीला वाटायचं, आई चित्रं काढतेय.

प्रत्येक मुलगी मिर्झाखानी होणार नाही. पण ‘सावकाश’ म्हणजे ‘कच्ची’ नव्हे, हे तिला आजच सांगा. बाकी गणिताचा सराव करावाच लागतो. रोल मॉडेल त्याची जागा घेत नाही.

‘घर आणि काम कसं सांभाळता?’ असं मुलींनी विचारलं तर?

खरं उत्तर द्यावं. अवघड असेल तर अवघड म्हणावं, कोणाची मदत होते तेही सांगावं. मुली हा प्रश्न भीतीपोटी विचारतात, त्यामुळे गुळगुळीत उत्तर त्यांना लगेच कळतं.

मी अशा वेळी मार्गारेट हॅमिल्टन यांचं सांगते. अपोलो यानाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गटाच्या त्या प्रमुख होत्या. सुटीच्या दिवशी, रात्री, लहान मुलीला घेऊन प्रयोगशाळेत जायच्या. एकदा खेळता खेळता मुलीने भलतीच बटणं दाबली. उड्डाणापूर्वीचा प्रोग्रॅम भर उड्डाणात सुरू झाला आणि उड्डाणाची नक्कल करणारा सिम्युलेटर बंद पडला. अशी चूक अडवणारा कोड घालूया, असं हॅमिल्टन म्हणाल्या. वरिष्ठ म्हणाले, अंतराळवीर अशी चूक करणार नाहीत. १९६८ च्या डिसेंबरमध्ये अपोलो ८ वर नेमकी तीच चूक झाली.

मुलग्यांना वर्गाबाहेर ठेवावं का?

अजिबात नाही. शास्त्रज्ञाच्या चित्रात बाई त्यांनाही सुचायला हवी.

भेट झाली. पुढे काय?

पंधरा दिवसांच्या आत हाताला काहीतरी काम द्या. बंद पडलेलं घड्याळ उघडणं, ब्रेडबोर्डवर (तारा खोचायच्या भोकांच्या पट्टीवर) एक सर्किट जोडणं, काहीही. आणि वाट खुली ठेवा. मी वर्गात एक डबा ठेवते. त्यात मुली चिठ्ठ्या टाकतात, मी त्या पाहुण्या ताईंना पाठवते आणि उत्तरं वर्गात वाचून दाखवते. मुलींचे फोन नंबर कुणाला देत नाही. सगळं शाळेमार्फत चालतं.

पंपवाल्या इंजिनिअरच्या भेटीनंतर तीन महिन्यांनी डब्यात एक चिठ्ठी निघाली. अक्षर तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीचं. ‘बेरिंगमधून वीज जाऊच नये म्हणून काय करतात?’ चार दिवसांत पेन्सिलने काढलेल्या आकृतीसह उत्तर आलं. शाफ्टला टेकणारा एक ब्रश लावून विजेला जमिनीकडे जायची सोपी वाट द्यायची, किंवा वीज वाहून न नेणारं सिरॅमिकचं बेरिंग वापरायचं. खाली लिहिलं होतं, ‘दोन्हींतलं स्वस्त कोणतं आणि टिकाऊ कोणतं, ते तू शोध आणि मला कळव.’ चिठ्ठी मी तिला दिली. मधल्या सुट्टीत ती ग्रंथालयात दिसली.